कॅडन्स म्हणजे नेमकं काय? ठेका, उतरता सूर आणि घरातला मान एकाच शब्दात कसे आले?

खोपोली मागे पडली की जुना मुंबई-पुणे महामार्ग बोर घाट चढायला लागतो. वाटेत शिंग्रोबाचं देऊळ लागतं. सुट्टीच्या दिवशी पहाटे या रस्त्यावर रंगीत जर्सी घातलेले सायकलस्वार हमखास दिसतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत याच चढावर 'घाटाचा राजा' ठरतो. या मंडळींच्या बोलण्यात एक शब्द सारखा येतो: कॅडन्स. "चढावर कॅडन्स पडू देऊ नकोस," असं एक जण दुसऱ्याला सांगतो.

हाच शब्द पाश्चात्त्य संगीत शिकणाऱ्याला विचारला, तर तो म्हणेल की कॅडन्स म्हणजे सुरावटीचा शेवट. भाषाशास्त्राचा विद्यार्थी सांगेल की वाक्य संपताना आवाज खाली उतरतो, तो कॅडन्स. आणि युरोपातल्या जुन्या घराण्यांचा अभ्यास करणारा याच शब्दाचा भाऊ असलेला 'कॅडन्सी' हा शब्द काढेल. त्याचा अर्थ, घरातला थोरला कोण आणि धाकटा कोण याचा क्रम.

ठेका, उतरता सूर आणि घरातला मान. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? मराठीत यांना कोणते शब्द आहेत? आणि कर्जत-खालापूरमधल्या एखाद्या कुटुंबाला त्यातला फरक माहीत असणं का गरजेचं आहे?

थोडक्यात उत्तर

- 'कॅडन्स' हा शब्द 'पडणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला.
- पाऊल पडतं, सूर पडतो, वाक्याचा शेवट खाली पडतो. त्यामुळे ठेका आणि उतरता सूर हे दोन अर्थ सख्खे आहेत.
- घराण्यातल्या क्रमाचा अर्थ मात्र वेगळ्या मुळाचा आहे. तो 'कॅडेट' या शब्दातून आला. दोन्ही शब्द दिसायला सारखे असल्यामुळे ते एका घरचे वाटतात.
- मराठीत या तिन्हींसाठी एकच शब्द नाही. लय, ठेका, हेल, उतार, थोरली पाती, धाकटी पाती असे वेगवेगळे शब्द आहेत.

शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये 'कादेरे' म्हणजे पडणे. त्यापासून 'कादेन्तिया' हा शब्द झाला, इटालियनमध्ये तो 'कादेन्झा' झाला आणि तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'कॅडन्स' आला.

गंमत म्हणजे याच 'कादेन्तिया'ची दुसरी वाट जुन्या फ्रेंचमधून गेली आणि तिथे 'चान्स' हा शब्द तयार झाला. फासा टाकला की तो जसा पडेल तसं नशीब, म्हणून चान्स. आपण रोजच्या बोलण्यात 'एक चान्स घेऊन बघू' म्हणतो, तो कॅडन्सचा जुळा भाऊ आहे. अचानक अंगावर येऊन पडतो तो 'अॅक्सिडेंट' आणि कोर्टात उभी राहते ती 'केस', हेही याच कुळातले शब्द आहेत.

म्हणजे हा शब्द अनोळखी वाटला, तरी त्याचे नातेवाईक मराठीत कधीच राहायला आले आहेत.

पहिला अर्थ: पावलांचा आणि पेडलचा ठेका

सायकलच्या भाषेत कॅडन्स म्हणजे एका मिनिटात पेडल किती वेळा पूर्ण फिरतं. सपाट रस्त्यावर सराव असलेला सायकलस्वार साधारण ८० ते ९० फेऱ्या मारतो. चढ लागला की हा आकडा ६० ते ७० वर येतो.

तो का पडतो, हे समजायला बोर घाटाचं उदाहरण सोयीचं आहे. १८६३ मध्ये या घाटातून रेल्वे सुरू झाली. रेल्वेमार्गाचा चढ १:३७ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. रस्त्यावर चालणाऱ्याला हा चढ जेमतेम जाणवेल, पण रेल्वेसाठी तो खूप तीव्र आहे. म्हणून लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात. त्यांना 'बँकर' म्हणतात. ती गाडीला लोणावळ्यापर्यंत मागून रेटतात. याच थांब्यात प्रवासी खिडकीतून वडे घेतात, हे या मार्गावरून गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

सायकलला मागून इंजिन जोडता येत नाही. तिथे ते काम गियर करतो. गियर हलका केला की प्रत्येक फेरीला लागणारा जोर कमी होतो, पण फेऱ्या जास्त माराव्या लागतात. जड गियरवर हळूहळू पेडल रेटलं तर गुडघ्यावर ताण येतो. 'कॅडन्स पडू देऊ नकोस' या सल्ल्याचा अर्थ एवढाच की गियर वेळेत हलका कर आणि पायांची लय टिकव.

धावणाऱ्यांमध्ये हाच शब्द मिनिटाला पडणाऱ्या पावलांसाठी वापरतात. तिथे '१८०' हा आकडा फार प्रसिद्ध आहे. अमेरिकन प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली, तेव्हा बहुतेक सगळे मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त पावलं टाकत असल्याचं त्यांना दिसलं. पुढे या निरीक्षणाचा नियमच करून टाकला गेला. ते सगळे शर्यतीच्या वेगानं धावणारे निवडक खेळाडू होते. उंची, वेग आणि सराव बदलला की आकडा बदलतो. मोबाइलमधलं अॅप १६५ दाखवत असेल, तर धावण्यात चूक आहेच असं नाही.

तिसरी जागा म्हणजे परेड. एनसीसीच्या कवायतीत 'तेज चल' मिळाल्यावर मिनिटाला साधारण १२० पावलं पडतात. 'एक-दो-एक' हा पुकारा सगळ्यांचे पाय एकाच क्षणी जमिनीवर यावेत म्हणून असतो. अमेरिकन सैन्यात अशा पुकाऱ्याची गाणी झाली, त्यांना 'कॅडन्स'च म्हणतात. १९४४ मध्ये विली डकवर्थ या कृष्णवर्णीय सैनिकानं थकलेल्या तुकडीला चालतं ठेवण्यासाठी असा पुकारा सुरू केला आणि तो पुढे सैन्यभर पसरला.

मराठीत या अर्थाला 'लय' किंवा 'ठेका' हे शब्द चालतात. संगीतात मात्र या दोन्हींत फरक आहे. लय म्हणजे दोन मात्रांमधलं समान अंतर, म्हणजेच गती. ताल म्हणजे ठरावीक मात्रांचं आवर्तन. आणि ठेका म्हणजे तो ताल तबल्यावर किंवा पखवाजावर ज्या बोलांनी वाजतो ती रचना. सायकलच्या संदर्भात 'लय' हा शब्द सगळ्यात अचूक आहे, कारण तिथे मोजली जाते ती गती.

हाताच्या कामालाही लय असते, हे कर्जत-खालापूरच्या भातशेतीत नव्यानं सांगावं लागत नाही. लावणीच्या वेळी चिखलात एका ओळीत वाकलेल्या बायांचे हात एका गतीनं चालले, तर ओळ सरळ राहते आणि कुणी मागे पडत नाही. ठाकर समाजाच्या ढोलनाचात तर ढोलाची लय बदलली की नाचणाऱ्यांचं पाऊलही बदलतं.

दुसरा अर्थ: सूर कुठे उतरतो?

युरोपातल्या जुन्या धार्मिक गायनात ओळ संपताना सूर सहसा खाली उतरत असे. म्हणून ओळीच्या शेवटाला 'पडणं' म्हणजे कॅडन्स म्हणू लागले. आता तिथे सूर खाली गेलाच पाहिजे असं नाही. सुरावट कुठेतरी येऊन टेकली, अशी जाणीव झाली की तो कॅडन्स.

पाश्चात्त्य संगीतात याचे मुख्य चार प्रकार मानतात. ते विरामचिन्हांच्या मदतीनं लवकर समजतात.

- पहिल्यात गाणं पूर्ण संपल्यासारखं वाटतं. हा पूर्णविराम.
- दुसऱ्यात सूर अर्धवट थांबतो, पुढे काहीतरी येणार असं वाटतं. हा स्वल्पविराम.
- तिसऱ्यात शेवट होतो, पण हळुवार. चर्चमध्ये प्रार्थनेच्या शेवटी 'आमेन' गातात, तो हा प्रकार.
- चौथ्यात शेवट येणार असं वाटत असतानाच सूर भलतीकडे वळतो. ऐकणारा चकतो.

हिंदुस्थानी संगीतात नेमका याच्या जोडीचा शब्द नाही, कारण तिथे शेवट दोन गोष्टींनी ठरतो. सुरांच्या बाजूनं, राग ज्या स्वरावर विसावतो त्याला न्यास स्वर म्हणतात. तालाच्या बाजूनं, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात. तीनतालात १६ मात्रा असतात, पहिलीवर सम आणि नववीवर खाली. गाणारा कितीही लांब फिरून आला, तरी समेवर नेमका पोचला की समोरचे श्रोते आपोआप मान हलवतात. एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येण्याला तिहाई म्हणतात. कॅडन्सच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट हीच.

इथे एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. युरोपातला शब्द शेवटाला 'पडणं' म्हणतो. आपल्याकडे मात्र सम हा शेवट आहे आणि सुरुवातही, कारण त्याच मात्रेवर पुढचं आवर्तन सुरू होतं. गावातल्या भजनातही हे ऐकू येतं. आठ मात्रांचा भजनी ठेका चालू असतो, टाळ पडतो आणि त्याच क्षणी पुढची ओळ उचलली जाते.

बोलण्यातला उतार

बोलतानाही सूर चढतो-उतरतो. "आई आली." हे साधं विधान असेल तर शेवटी आवाज खाली येतो. "आई आली?" हा प्रश्न असेल तर वर जातो. शब्द तेच, क्रमही तोच. अर्थ बदलतो तो फक्त सुरानं.

कागदावर हा फरक एका प्रश्नचिन्हानं कळतो. पण मराठीत ही चिन्हं कायम नव्हती. जुन्या मोडी आणि देवनागरी लेखनात दंडापलीकडे फारशी विरामचिन्हं नसत. इंग्रजीच्या धर्तीवर स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह वगैरे मराठीत रुळवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं.

त्याच्या कितीतरी आधी भारतात सुराची नोंद फार बारकाईनं होत होती. वेदपठणात स्वर तीन: उदात्त म्हणजे उंच, अनुदात्त म्हणजे खालचा आणि स्वरित. पाणिनीनं स्वरिताची व्याख्या करताना तो पहिल्या दोहोंच्या मेळातून होतो असं म्हटलं आहे. म्हणजे वर सुरू होऊन खाली येणारा. उतरता सूर तो हाच. ऋग्वेदाच्या पोथीत अक्षराखाली आडवी रेघ दिसते ती अनुदात्ताची आणि डोक्यावर उभी रेघ असते ती स्वरिताची.

काही भाषांमध्ये सूर बदलला की शब्दच बदलतो. चिनी भाषेत 'मा' हा उच्चार सपाट केला तर आई आणि वरून झपकन खाली आणला तर रागावणं, शिव्या देणं. त्यासाठी फार लांब जायला नको. पंजाबीतही 'घोडा' आणि 'चाबूक' हे दोन शब्द जवळपास सारखेच उच्चारले जातात, फरक असतो तो मुख्यतः सुराचा. मराठी अशी भाषा नाही. मराठीत सुरानं शब्दाचा अर्थ बदलत नाही, पण वाक्याचा भाव बदलतो आणि बोलणारा कुठला आहे हेही कळतं.

या दुसऱ्या गोष्टीला मराठीत सुरेख शब्द आहे: हेल. 'मालवणी हेल', 'कोल्हापुरी हेल', 'वऱ्हाडी हेल' असं आपण म्हणतो. वाक्यातला कोणता स्वर लांबवायचा, कुठे उचलायचा आणि कुठे सोडायचा, याची त्या त्या भागाची जी सवय असते ती म्हणजे हेल.

कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके यासाठी समजून घेण्यासारखे आहेत. एका बाजूला पनवेल आणि मुंबई, दुसऱ्या बाजूला घाटमाथा. आगरी, ठाकर, कातकरी, मराठा, कुणबी, धनगर असे अनेक समाज इथे राहतात. आगरी बोली, ठाकरी आणि कातकरी यांची शब्दसंपदा वेगळी आहे आणि हेलही. कातकरी समाजाचा समावेश केंद्र सरकारनं विशेष असुरक्षित आदिवासी समूहांमध्ये केला आहे. महाराष्ट्रात असे तीन समूह आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड.

वाडीवरचं मूल शाळेत येतं, तेव्हा पुस्तकातली भाषा त्याच्यासाठी दुहेरी नवी असते. शब्द नवे आणि चालही नवी. शब्द हळूहळू पाठ होतात. हेल मात्र लवकर सुटत नाही आणि वर्गात हसू होतं ते सहसा हेलावरून. मग मूल बोलणंच कमी करतं. शिक्षकाला हे माहीत असेल, तर 'चुकीचं बोलतोय' आणि 'वेगळ्या हेलात बोलतोय' यातला फरक तो करू शकतो.

दुसरा मुद्दा नोंदीचा. बोलीतले शब्द वहीत लिहिता येतात, गाणी छापता येतात. हेल लिहिता येत नाही. देवनागरीत त्यासाठी चिन्ह नाही. आगरी लग्नात धवलारीण धवळे गाते. त्या धवळ्यांचे शब्द पुस्तकात उतरवून ठेवले, तरी ओळीच्या शेवटी तिचा आवाज कसा उतरतो हे पुस्तकातून कळणार नाही. त्यासाठी आवाजच जपावा लागतो. आज प्रत्येक घरात मोबाइल आहे. आजीचं गाणं किंवा तिनं सांगितलेली साधी गोष्ट ध्वनिमुद्रित करून ठेवली, तर शब्दांबरोबर हेलही मागे राहतो.

तिसरा अर्थ: थोरला कोण, धाकटा कोण?

आता घराण्यातला मान. युरोपातल्या सरदार घराण्यांना ढालीवर काढलेलं स्वतःचं चिन्ह असायचं. बाप हयात असताना ते मूळ चिन्ह त्याचंच. मुलांना तेच चिन्ह वापरायचं तर त्यात छोटीशी खूण घालावी लागे. या पद्धतीला 'कॅडन्सी' म्हणतात. इंग्लंडमध्ये साधारण १५०० च्या सुमारास रूढ झालेला क्रम असा:

- पहिला मुलगा: वरच्या बाजूला आडवी पट्टी, तिला खाली लोंबणारे तुकडे
- दुसरा: चंद्रकोर
- तिसरा: चांदणी
- चौथा: पाय नसलेला पक्षी
- पाचवा: कडी
- सहावा: लिलीचं फूल
- सातवा: गुलाब

यादी आणखी पुढे जाते. ढालीकडे पाहून समोरचा माणूस घरातला कितवा आहे हे कळायचं. याला महत्त्व होतं, कारण इंग्लंडमध्ये जमीन आणि किताब थोरल्याकडे जात. धाकट्यांना सैन्यात, चर्चमध्ये किंवा परदेशात नशीब काढावं लागे.

अशा धाकट्या मुलाला फ्रेंचमध्ये 'कॅडेट' म्हणत. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या गॅस्कनी भागातल्या बोलीत 'कापदेत' म्हणजे छोटा नायक. त्याचं मूळ लॅटिन 'कापुत', म्हणजे डोकं. गॅस्कनीतल्या घराण्यांची धाकटी मुलं राजाच्या सैन्यात अधिकारी व्हायला जात, म्हणून पुढे सैन्यात शिकणाऱ्या उमेदवारालाच कॅडेट म्हणू लागले. १९४८ मध्ये भारतात स्थापन झालेल्या एनसीसीतला दुसरा शब्द तोच. 'कॅप्टन' आणि 'चीफ' हेही त्याच 'डोक्या'पासून आलेले. म्हणजे कॅडेट आणि कॅप्टन हे शब्द एकाच मुळाचे आहेत, एक धाकट्याचा आणि एक पुढाऱ्याचा.

थोडक्यात, कॅडन्सचं मूळ 'पडणे' आणि कॅडन्सीतल्या घराण्याच्या क्रमाचं मूळ 'डोकं'. दिसायला सख्खे, प्रत्यक्षात वेगळ्या घरचे.

मराठीतली थोरली आणि धाकटी पाती

मराठी सरदारांमध्ये ढालीवरच्या खुणा नव्हत्या, पण क्रम दाखवणारे शब्द होते. सगळ्यात स्पष्ट उदाहरण देवासचं. तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या भावांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्यात बस्तान बसवलं. त्यांच्या वंशजांची दोन राज्यं झाली: देवास थोरली पाती आणि देवास धाकटी पाती. दोन्हींची राजधानी एकच, देवास शहर. १९४८ मध्ये दोन्ही मध्य भारतात विलीन होईपर्यंत ही जोडी टिकली. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते. त्या दिवसांवरचं त्यांचं पुस्तक १९५३ मध्ये आलं.

रायगड जिल्ह्याचं स्वतःचं उदाहरण आंग्रे घराण्याचं आहे. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं आणि कुलाबा किल्ला हे आंग्र्यांचं ठाणं. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. त्यांचा मुलगा सेखोजी १७३३ मध्ये गेला आणि त्यानंतर संभाजी आणि मानाजी या भावांत वारशाचा वाद पेटला. १७३५ मध्ये पहिल्या बाजीरावांनी मध्यस्थी केली. मानाजीला कुलाबा आणि 'वजारतमाब' हा किताब, संभाजीला दक्षिणेकडचं आरमार, विजयदुर्ग आणि 'सरखेल' हा किताब. घर एक, किताब दोन. भांडण मिटलं असं वरून दिसलं, पण आरमार दुभंगलं ते कायमचं. १७५६ मध्ये संभाजीचा वारस तुळाजी याच्याविरुद्ध पेशवे आणि इंग्रज एकत्र आले आणि विजयदुर्ग पडला.

आजच्या सातबाऱ्यावरचा थोरला

राजघराणी गेली, पण 'थोरलं घर' आणि 'धाकटं घर' हे शब्द कर्जत-खालापूरच्या गावांमध्ये आजही वापरात आहेत. देवाच्या पालखीला पहिला खांदा कुणाचा, लग्नात पहिला टिळा कुणाला, हे त्यावरून ठरतं. तोवर प्रश्न मानाचा असतो. अडचण होते ती मान आणि मालकी यांची गल्लत झाल्यावर.

जुन्या सातबारा उताऱ्यांवर अनेकदा थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं दिसतात. याचा अर्थ 'एकत्र कुटुंब मॅनेजर'. बाप गेला, सगळे एकत्र राहत होते, कागदपत्रांसाठी एक नाव हवं होतं, म्हणून थोरल्याचं लागलं. धाकट्या भावांची आणि बहिणींची नावं उताऱ्यावर आलीच नाहीत. दोन पिढ्या कुणाला काही वाटलं नाही. पुढे द्रुतगती मार्ग झाला, फार्म हाउस आली, जमिनीला भाव आला आणि त्याच तीन अक्षरांवरून भाऊबंद कोर्टात उभे राहिले.

कायदा इथे काय म्हणतो?

- 'ए.कु.मॅ.' ही व्यवस्थापकाची नोंद आहे. तिच्यामुळे थोरला एकटा मालक होत नाही.
- सातबारा आणि फेरफार ही महसुलाची नोंद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानतात. पण नुसत्या फेरफारानं मालकी हक्क तयार होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं वारंवार स्पष्ट केलं आहे.
- हिंदू वारसा कायद्यात थोरल्याला जास्त आणि धाकट्याला कमी असा वाटा नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीलाही मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, असा निर्णय दिला.
- अनुसूचित जमातींना हा कायदा आपोआप लागू होत नाही. त्यामुळे ठाकर आणि कातकरी कुटुंबांमध्ये वारशाच्या प्रश्नात समाजाची प्रथाही पाहिली जाते. अशा प्रकरणात माहितगार वकिलाचा सल्ला घेतलेला बरा.

वारसांची नोंद गाव नमुना सहा-क मध्ये होते. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची माहिती देऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. वाटणी करायची असेल तर संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे जाता येतं. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी राज्य सरकारनं २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीमही सुरू केली. घरात वाद नसताना हे काम करून घेणं सगळ्यात सोपं असतं.

मराठीत कोणता शब्द वापरायचा?

- सायकल, धावणं, कवायत: लय किंवा ठेका
- गाण्यातल्या ओळीचा शेवट: न्यास, सम किंवा तिहाई, संदर्भ पाहून
- बोलण्यातला चढ-उतार: सूर
- एखाद्या भागाची बोलण्याची ढब: हेल
- घराण्यातली शाखा: थोरली पाती, धाकटी पाती
- घराण्यातला अग्रक्रम: मान

'पडणे' या एका कल्पनेतून इंग्रजीनं जे केलं, त्याच्या जवळपास जाणारं काम मराठीत 'उतरणे' हे क्रियापद करतं. घाटाला उतार असतो. आवाज उतरतो. मोठ्यावर लहान अशी मडकी रचली की ती उतरंड होते आणि समाजातल्या वरच्या-खालच्या पायऱ्यांनाही आपण उतरंडच म्हणतो. मूळ नोंदवहीतून जे उतरवून घेतलं जातं, तो उतारा.

घाटाच्या उताराला ब्रेक असतो आणि आवाजाचा उतार कानाला आपोआप कळतो. घरातला उतारा मात्र स्वतः काढून, त्यावर कुणाकुणाची नावं आहेत हे वाचूनच पाहावं लागतं.